सूनबाईंचे लाल मासे

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. ज्यांच्याशी जन्मभर संसार केला त्यांच्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढे हात जोडतानाही ही आठवण आली की मी घाईघाईने दुसरं काहीतरी मागून मोकळी व्हायची. पण आता सांगायचं ठरवलंय, आणि मी एकदा ठरवलं की मागे सरत नाही. माहेरी याला जिद्द म्हणत. तुम्ही काय म्हणाल ते ऐकून झाल्यावर ठरवा.

तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहत होतो. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, दुमजली घर होतं. वर आम्ही, खाली भाडेकरू. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजी ठाण्याच्या कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा निरोपादाखल त्यांना काचेची पेटी आणि सोनेरी मासे मिळाले. चातुर्मासात आमच्याकडे कांदासुद्धा वर्ज्य, आणि बैठकीच्या खोलीत मासे! "बघायला काय हरकत आहे?" मामंजी म्हणायचे. रविवारी ओळखीची मंडळी मुद्दाम मासे बघायला येत.

माशांना खाऊ घालायचं काम माझ्याकडे आलं. कणकेच्या गोळ्या, भाताची शितं — दुसरं काय घालणार? हळूहळू मासे फिके पडले, धुवून धुवून विटलेल्या लुगड्यासारखे. एका रविवारी मामंजी चारचौघांत म्हणाले, "सूनबाईंच्या हाताला गुण नाही." सगळे हसले. मीही हसले. पण मला इतका राग आला होता — अजून आठवला तरी कानशिलं तापतात. मनात म्हटलं, हे मासे लाल करून दाखवीन, नाहीतर नाव लावणार नाही.

मग काय काय केलं नाही? बीट किसून घातलं, गाजर उकडून घातलं, लाल भोपळा झाला, तांबडा माठ झाला. हळदीने नुसतं पाणी पिवळं झालं. नैवेद्याच्या श्रीखंडासाठी आणलेल्या केशराच्या काड्याही चोरल्या — मासे त्या तोंडात घेत आणि थुंकून टाकत. शेवटी मीठ विकायला येणाऱ्या आगरणीला मी हे रडगाणं सांगितलं. टोपली खाली ठेवून ती पोट धरून हसली. "गाजर सशाला घाल गो बाय! मासल्याना जवला घाल. कशे लाल व्हतान बघ."

पुढच्या खेपेला मिठाच्या टोपलीतून तिने पुडी काढून दिली. जवळा — वाळवलेली बारीक कोळंबी. आमच्या सोवळ्याच्या घरात! मी ती पदराआड घेतली.

आणि खरंच मासे लाल झाले. असे लाल की मामंजी चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. "गाजराची करामत! सूनबाई, जिंकलंत!" ते येईल त्याला सांगत सुटले. मी तेव्हा किती सुखात होते म्हणून सांगू? घरात पहिल्यांदा माझं कौतुक झालं होतं.

पण जवळ्याचा वास कधी झाकून राहिलाय?

आता मालतीबाईंचं सांगायला हवं. त्या खाली राहत. मूळच्या मालवणकडच्या, यजमान ठाण्याला गिरणीत. जागा देताना मामंजींनी अट घातली होती, घरात मासळी शिजता कामा नये. मासे खाणाऱ्यांना तेव्हा जागा मिळता मिळत नसे, म्हणून त्यांनी अट मान्य केली. आणि पाळली. फारच आठवण झाली तर ठाण्याला भावाकडे जाऊन जेवून यायच्या आणि आल्यावर मला म्हणायच्या, "आज बांगडा खाऊन आलेय हो वहिनी, जरा लांबच बसा!" मी मुद्दाम जवळ सरकून बसायची. त्या घरात माझं असं माणूस तेवढं एकच होतं.

एके दिवशी मामंजी जिन्यात थबकले. नाक वर करून म्हणाले, "सूनबाई, हा वास कुठून येतोय?"

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की मी गप्प राहिले. गप्प राहणं, तो काय एवढा गुन्हा? पण मी गप्प राहिले नाही. "खालून येतोय," असं म्हणाले. मला ते म्हणायला कुणी लावलं नव्हतं.

मामंजी खाली गेले. मालतीबाई दारात आल्या. त्यांना सातवा महिना होता. "देवाशप्पथ, घरात मासळी आणलेली नाही. आत येऊन बघा ना," त्या म्हणाल्या. मामंजी कसले आत जातायत! तेव्हा मालतीबाईंनी मी उभी होते त्या जिन्याकडे बोट केलं. "वहिनींना विचारा. त्या रोज येतात माझ्याकडे."

मामंजींनी वर पाहिलं. मालतीबाईंनीही पाहिलं.

मी पदर नाकाला लावला.

झालं. एवढ्यावर त्यांची जागा गेली. माजिवड्याला एका गोठ्याला लागून खोली मिळाली म्हणे. तेव्हाचं माजिवडं म्हणजे खेडंच. तशा अवस्थेत तिथे बाईला काय सोसावं लागलं असेल, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

जाण्याच्या दिवशी त्या कुंकू लावून घ्यायला वर आल्या. माशांच्या पेटीपाशी उभ्या राहिल्या. पाण्यावर जवळ्याचे दोन तुकडे तरंगत होते. समुद्राकाठी वाढलेल्या बाईला ते काय आहे हे कुणी सांगायला हवं का? त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत मामंजी पेपर वाचत होते. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. "कुंकू लावा, वहिनी," एवढंच त्या म्हणाल्या. मी लावलं. ओटीत नारळही घातला.

इथे थांबले, तर तुम्ही मला सोडून द्याल. पोर होती, घाबरली, बोलून गेली — असं म्हणाल. म्हणून उरलेलंही सांगते.

जवळ्याचा डबा मी जिन्याखालच्या फडताळात ठेवत असे. मालतीबाईंच्या दाराला लागून. परसात अडगळीची खोली होती, माळा होता, लपवायला जागा का नव्हती? पण पुडी हातात पडली त्या दिवशीच मी ठरवलं होतं — उद्या वास सुटलाच, तर तो त्यांच्या घरचा वाटला पाहिजे. डबा आत सारला, फडताळाची कडी लावली. मालतीबाईंचं दार उघडं होतं. त्यांनी आतूनच हाक मारली, आणि मी जाऊन त्यांच्या हातचा चहा घेतला.