न वाचलेली ओळ

धाकटे दीर सोडले तर आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच. माझे वडील जेऊर स्टेशनावर नोकरीला होते, त्यामुळे माहेरी माझ्या चार इयत्ता झाल्या आणि लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा सासरी माझा तोरा होता. तो तोरा धाकट्या जावेनं उतरवला, तेही काही न करता.

माझे दीर शिंपीकाम करायचे. मुंबईला गोदीत शिडं आणि ताडपत्र्या शिवता शिवता ते गोऱ्यांच्या लढाऊ जहाजावर लागले, विमानं वाहून नेणाऱ्या. तेव्हा विमानांचे पंख कापडाचे असत. उतरताना आपटून फाटले की दिरांनी शिवायचे आणि वरून एक उग्र वासाचं रोगण फासायचं. ‘आपण सुताला खळ देतो तसंच, वहिनी. वाळलं की कापड ढोलासारखं ताणतं,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

पत्र माझ्या नावानं यायचं. नवऱ्यानं बायकोला थेट लिहायचं, हे तेव्हा कुणाच्या घरात चालत नव्हतं. नमस्कार मला, खुशाली सगळ्यांना आणि शेवटी ‘मंडळींना सांगावे’ म्हणून एखादी ओळ. मंडळी म्हणजे माझी जाऊ. पण पत्र सुरुवातीपासून तिचंच आहे, हे मला पहिल्या वाक्याला कळायचं. वहिनीला कोण इतक्या हौसेनं लिहितो? त्यांचं जहाज म्हणे आधी उतारूंसाठी बांधायला घेतलं होतं. लढाई लागली तेव्हा वरचं सगळं काढून त्याची सपाट गच्ची केली. धुराडंसुद्धा वर ठेवलं नाही, धूर मागच्या बाजूनं सोडतात. चीनच्या समुद्रात सकाळी उठलं की पाणी पिवळं दिसतं. मी वाचायची आणि मैंदर्गीहून लग्न होऊन आलेली ती पोर गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकायची.

माझ्या पोटात दुखायचं. सरळच सांगते. आमचे हे मिलच्या भोंग्याला जायचे, भोंग्याला यायचे आणि त्यांचं माझ्याशी बोलणं म्हणजे ‘वाढ’ आणि ‘पुरे’. हिला मात्र कुणीतरी अख्खा समुद्र सांगत होतं, आणि तो सांगायला तोंड माझं!

एका पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘जहाज चीनहून परत जाताना आठ दिवस मुंबईच्या गोदीत थांबणार आहे. मंडळींना दादाबरोबर पाठवून द्यावे. पुढे दोन वर्षे भेट होणार नाही.’ जहाज कधी लागणार तेही लिहिलं होतं.

मी ओळीपाशी आले, समोर पाहिलं. हे भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, सासूबाई वाती वळत होत्या, जाऊ माझ्या ओठांकडे बघत होती. मी म्हटलं, ‘सर्वांस नमस्कार,’ आणि पत्राची घडी घातली.

‘संपलं अक्का?’ तिनं विचारलं. ती मला कानडीतलं अक्का म्हणायची.

‘संपलं.’

पत्र नेहमीसारखं तिच्याच हातात दिलं. तिला काळं अक्षर कळत नव्हतं, मग लपवायचं कशाला?

जहाज आलं आणि गेलं. पुढच्या पत्रात दिरांनी एवढंच लिहिलं की आठ दिवस गोदीच्या दारात वाट पाहिली. तेही मी गाळलं. त्या दोन वर्षांत आळीतल्या बायका जावेच्या रिकाम्या ओटीवरून बोलायला लागल्या आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिले.

मग एक दिवस ती म्हणाली, ‘अक्का, मला बी वाचायला शिकवा की.’ सासूबाईंसमोर नाही कसं म्हणणार? ताटात राख पसरून मी अक्षरं काढून द्यायची. मुद्दाम सावकाश शिकवलं. पण पोरगी हुशार. पत्रं तिच्या ट्रंकेत होती आणि ती परत मागायला मला कारण सापडेना.

ते जहाज विलायतेत नेऊन बिनकामाचं म्हणून बांधून ठेवलं, तेव्हा दीर नोकरीतून सुटले. येतो म्हणून त्यांचं पत्र आलं, त्या दुपारी जावेनं ट्रंक उघडली. सासूबाई सुपात ज्वारी निवडत होत्या. ‘मी वाचू का?’ म्हणत तिनं नेमकं मुंबईला बोलावल्याचं ते जुनं पत्र घेतलं. बोट ठेवून, अडखळत, एकेक शब्द. शेवटच्या ओळींवर बोट थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

‘सर्वांस नमस्कार,’ ती म्हणाली.

‘लई झाक वाचतीस की गं,’ सासूबाई म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला, असं मला वाटलं. तेवढ्यात तिनं पुढचं पत्र काढून माझ्यापुढं धरलं.

‘ह्ये तुमी वाचा, अक्का.’

मी वाचलं. या वेळी काही गाळलं नाही. गोदीचं दार वाचलं, आठ दिवस वाचले, ‘कोणी आले नाही’ हेही वाचलं.

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. ‘आट दिस? कुणाची वाट बगत हुता त्यो?’

जाऊ खाली मान घालून पत्रांच्या घड्या घालत राहिली. उत्तर मलाच द्यायचं होतं.