झेड ड्राइव्हची उघाडी

आमचे तात्या कुलूप तीनदा ओढून बघायचे. कचेरीला कुलूप लावलं की एकदा, देवळापर्यंत जाऊन परत येऊन दुसऱ्यांदा, आणि घरी चहा पिऊन झाला की पुन्हा चपला घालून तिसऱ्यांदा. उरणकडच्या आमच्या गावात त्यांच्या भित्रेपणाची इतकी चेष्टा व्हायची, की कुणी नुसतं दचकलं तरी बायका म्हणायच्या, "काय गो, तात्या झालीस?" कुत्र्याची भीती, विजेची भीती, कोऱ्या कागदावर सही करायची तर फारच भीती. पंख्याचं बटण दाबलं की हा माणूस एक पाऊल मागे सरायचा.

मी या गावची सून. माहेर पनवेलचं आणि कंप्युटरचा कोर्स केलेला, म्हणून लग्नाला वर्ष व्हायच्या आत मला मिठागर कामगारांच्या सोसायटीत बसवलं. तात्या तिथले जुने कारकून, सत्तरी ओलांडलेले. मी कंप्युटर चालू केला की ते खुर्ची हातभर लांब घ्यायचे आणि म्हणायचे, "जपून गो, सूनबाय." दिवसातून वीस वेळा हेच ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते ते तरी सांगा." ते म्हणाले, "भीती म्हंजे राखनदार. तो झोपला की घर गेला."

आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे खाडीतल्या जिताडा माशासाठी माणसं जीव टाकतात, जावयाला जिताडा नाही वाढला तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. तात्या जिताडा खायचे नाहीत. शेजारी शिजत असला तरी उठून ओटीवर जाऊन बसायचे. नवस असेल, असं सगळे धरून चालले होते.

आमचं काम तसं नाजूक होतं. गावची मिठागरं केव्हाच भरावाखाली गेली. ज्या घरांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ काढलं, त्यांना बदली जागा मिळायची होती, पण काम केल्याचा पुरावा सुनावणीत दाखवायला हवा होता. पुरावा म्हणजे हजेरीच्या जुन्या वह्या. पन्नास वर्षांपूर्वी बांध फुटून कचेरीत पाणी शिरलं तेव्हा निम्म्या वह्यांचा लगदा झाला. उरलेल्या इतक्या कुजल्या होत्या, की स्कॅनरखाली ठेवता ठेवता पानांचा चुरा व्हायचा. म्हणजे आम्ही काढलेला फोटो हाच आता कागद. तो गेला, तर त्या घराची जागा गेली.

म्हणून सोसायटीने क्लाउडवर जागा घेतली आणि ती मी आमच्या कंप्युटरला झेड ड्राइव्ह म्हणून जोडून दिली. सी, डी आणि खाली झेड. दिसायला आपल्याच पेटीतला एक कप्पा, माल मात्र कुठेतरी दूर. नेट गेलं तरी कागद दिसावेत म्हणून त्याची नक्कल डिस्कवर राहील अशी सोयही केली. तात्या झेडकडे बघून घामाघूम. "दिसतो हितं आनि हाय तिकडं? ह्ये भुताचं काम हाय!"

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. म्हटलं, "तात्या, क्लाउड म्हणजे खाडी. हा झेड म्हणजे आपलं मिठाचं आगर. आणि ही नेटची तार म्हणजे बांधातली उघाडी. फळी उचलली की खाडीचं पाणी आगरात येतं. फळी पाडली की आगरातलं पाणी आपलं, खाडीचं खाडीला." तात्यांनी मान डोलावली. मलाही माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवलं. तिथेच माती खाल्ली मी.

सुनावणीला बारा दिवस उरले असताना डिस्क भरली. लाल पट्टी दिसायला लागली, नवीन पानं घेईना. मी विचार केला, खाडीत सगळं आहेच, आगर रिकामं करू. नेटची तार काढली, म्हणजे फळी पाडली, आणि झेडमधले सगळ्या घरांचे फोल्डर निवडले. तात्या म्हणाले, "कुनाला तरी इचार गो आदी." मी म्हटलं, "तुम्हाला काय, तुम्ही पंख्यालाही घाबरता." आणि डिलीट दाबलं.

बाकड्यावर यमुनाआजी बसल्या होत्या. त्यांचे यजमान बाळाराम जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्यांच्या हजेरीचं पान छापून हवं, म्हणून म्हातारी सकाळपासून थांबलेली. त्यांचं पान खाडीतून पुन्हा आत घ्यावं म्हणून मी तार जोडली. कोपऱ्यात छोटं चक्र फिरायला लागलं. सहज मोबाइलवर क्लाउड उघडलं, तर तिथून एकेक घर नाहीसं होत होतं. भोईरांचं गेलं. ठाकुरांची तीन गेली. माझ्या डोळ्यांदेखत बाळारामांचं नाव होतं आणि पुढच्या क्षणी नव्हतं. अहो, झेड हे आगर नव्हतंच! ती खाडीच होती, माझ्या खिडकीतून दिसणारी. तार काढून मी जे पुसलं, ते तार जोडताच खाडीतही पुसलं जात होतं.

मी नुसतं मोबाइलकडे बोट दाखवलं. आणि हा पंख्याला घाबरणारा माणूस ओरडला, "फळी पाड गो! फळी पाड!" मी हलेना, तेव्हा त्यांनीच धाव घेतली आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. कचेरीतलं सगळं बंद झालं. मोबाइलवरची गळती थांबली. निम्मी घरं उरली होती, निम्मी गेली होती.

यमुनाआजींनी विचारलं, "लाइट गेली काय?" तात्या म्हणाले, "व्हय वयनी. येल वायच येलान. बसा तुमी."

कोर्सच्या मॅडमना फोन लावला, तर उचलेनात. दहा वेळा लावला. त्या दोन तासांत मी किती देव आठवले त्याची गणती नाही. गावात तोंड कसं दाखवू, सासरचे काय म्हणतील, या म्हातारीला काय सांगू? माझ्या मनात आलं ते सांगायलाही लाज वाटते. मी तात्यांच्या कानात म्हटलं, "तात्या, वीज गेली म्हणून कंप्युटर बिघडला, असं सांगू या का?"

तात्या माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "नको गो. मी झाकला हुता तसाच एकदा."

शेवटी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "कंप्युटर अजिबात चालू करू नकोस. मोबाइलवरून क्लाउडची कचरापेटी बघ, पुसलेलं काही दिवस तिथे राहतं." बघितलं. होतं! भोईर, ठाकूर, बाळाराम, सगळे एका पेटीत गपगुमान पडले होते. एकेक घर परत जागेवर घेईपर्यंत संध्याकाळ झाली. मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. वाटलं, सुटले, आता कुणाला कळायचं कारण नाही.

तात्या म्हणाले, "रविवारी सभा हाय. सांग सगल्यांना."

"मिळालं ना सगळं! आता कशाला?"

"आज मिललं. तू सांगितलास न्हाय, तर उद्याला तुज्या जागेवर बसनारी ह्येच करल. आनि तुला झोप लागनार न्हाय. माजा ऐक, मला म्हायती हाय."

रविवारी देवळासमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं, शिकलेल्या सुना अशाच. सासूबाईंनी मान खाली घातली. मी बसले, आणि तात्या उठले.

"हिनं दोन दिसांत सांगितला," ते म्हणाले. "मला पन्नास वर्सा लागली. बांध फुटला त्या दिशी दुपारच्याला उधान हुता. बाळारामानं फळी पाडली आनि जेवाला गेला. मी ती परत उचलली. जिताड्यासाठी उघाडीत जाला लावला आनि बसल्या जागी झोपलो. जाग आली तवा खाडी आत हुती. तुमी सगली बाळारामाला बोललात. त्याची आगरातली कामाची पाली काढून घेतलीत. मी तितंच उबा हुतो. मी गप बसलो."

मी यमुनाआजींकडे बघितलं. म्हातारी हळूहळू उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मरंपर्यंत सांगत व्हता, मी फळी पाडली व्हती. मी पन त्याला खोटा म्हनली."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कंप्युटर नीट करून दिला आणि आजी पान न्यायला आल्या. मी ते छापलं, तात्यांनी पिशवीत घालून, दोन्ही हातांनी पुढे केलं. आजी माझ्याकडे वळल्या. "त्याच्या हातून न्हाय. तू दे." मी दिलं. पान छातीशी धरून त्या गेल्या. सुनावणीत त्यांचं घर मंजूर झालं, पण तात्यांशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. तात्यांनीही कधी तक्रार केली नाही.

सुनावणी झाली त्या संध्याकाळी तात्यांनी काम सोडलं. मी कंप्युटर बंद केला, त्यांनी पंखा बंद केला आणि मागे सरले नाहीत. बाहेर येऊन कुलूप लावलं. मी सवयीने थांबले, आता ओढतील म्हणून. त्यांनी ओढलंच नाही. चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "माजा झाला. आता तू घाबर, सूनबाय."

दिवाळीनंतर तात्या गेले. कचेरीत अजून मीच बसते. महिन्याला सगळ्या घरांची दुसरी नक्कल वेगळ्या डिस्कवर घेते, आणि झेडमधलं साधं एक पान पुसायचं असलं तरी आधी मॅडमना फोन करते. काल कुलूप लावून निघाले, देवळापर्यंत गेले आणि परत आले. ओट्यावरच्या बायका हसल्या. "काय गो, तात्या झालीस?"

मी म्हटलं, "व्हय." आणि कुलूप ओढून बघितलं.