पत्रकातून सुटलेला उस्ताद

वारसा वाचवणाऱ्या संस्थांबद्दल माझ्याकडून आदराची अपेक्षा करू नका. त्यांच्यातल्याच एका संस्थेत मी सात महिने फुकट राबले आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. लखनौत एका नवाबी काळातल्या कोठीची, म्हणजे जुन्या हवेलीची, दुरुस्ती चालली होती. ती करणाऱ्या संस्थेनं आम्हा सहा जणांना 'प्रशिक्षणार्थी' म्हणून घेतलं होतं. मी प्राचीन इतिहासात एम.ए., बाकीचे कुणी आर्किटेक्चरचे, कुणी चित्रकलेचे. काम दिवसभराचं. भिंती मोजा, नकाशे काढा, तडे टिपा, फोटोंवर नंबर घाला. पगार शून्य. शेअर रिक्षासारख्या टेम्पोचं भाडंही आपलंच.

संस्थेच्या प्रमुखांना आम्ही सर म्हणायचो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बेटा, इसे नौकरी मत समझिए। ये तो सौभाग्य है।" सौभाग्य! सरांचा ड्रायव्हर सौभाग्यावर गाडी चालवत नव्हता. त्याला पगार होता.

बाकीच्या पाचांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्यांच्या घरी ते चालत होतं. माझ्या घरी चालत नव्हतं. बाबा बँकेत, नगरहून बदली होऊन आलेले, अलीगंजमध्ये भाड्याचं घर, भावाचं इंजिनिअरिंग तोंडावर. बाबांनी मुदतच घातली. "होळीपर्यंत बघतो. तोवर त्यांनी दमडी दिली नाही, तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा. मग कोठी नाही आणि बिठी नाही."

"दीदी तो वहाँ फ्री में झाड़ू भी मार देगी," भाऊ म्हणाला.

"तू गप रे," आई म्हणाली. पण हसली तीही.

आता 'मार्गदर्शना'चं ऐका. संस्थेच्या गुळगुळीत माहितीपत्रकात छापलं होतं की अनुभवी कारागिरांचं मार्गदर्शन मिळेल. अनुभवी कारागीर होता एकच. सत्तरीचा, चुन्याच्या गिलाव्यात आणि नक्षीत पिढ्या गेलेल्या घरातला. सगळे त्याला उस्ताद म्हणत. चुन्यात विटांची भुकटी, गूळ, उडीद, बेलाचा गर किती घालायचा, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. आम्ही वह्या उघडून मागे उभे राहायचो आणि प्रश्न विचारायचो. उस्ताद पाठ फिरवून थापी चालवत राहायचे. उत्तर एकच मिळायचं, "हटिए, रोशनी रोक रही हैं।"

बाकीचे म्हणायचे, बुड्ढा राज़ छुपाता है. मीही तेच समजत होते. कोठीला दोन फाटकं होती. समोरच्या फाटकातून सर, पाहुणे आणि आम्ही. मागच्या फाटकातून मजूर, आणि उस्तादही. ते रोज पाहूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

होळी महिन्यावर आली तेव्हा मी पत्रक काढलं. कॉलेजात विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहून लिहून माझा हात तयार होता. अमीनाबादच्या एका छापखान्यात छापून घेतलं. प्रशिक्षणार्थींना मानधन द्या, नेमणूक लेखी द्या, कामाचे तास ठरवा, शिक्षणाच्या नावाखालची वेठबिगारी बंद करा. बाकीच्या पाचांनी सही केली नाही. "यार, सर बुरा मान जाएँगे।" मानू देत की! मी एकटीच्या सहीनं ते समोरच्या फाटकावर चिकटवलं आणि जेवणाच्या सुट्टीत मजुरांना वाटायला गेले. मला वाटलं, टाळ्या पडतील.

उस्तादांनी एका तरुण गवंड्याकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं. शेवटपर्यंत ऐकलं.

"आगे?"

"बस, इतना ही है," गवंडी म्हणाला.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "बिटिया, तुम सीखने का पैसा माँगती हो। अच्छा है। हमको सिखाने का कौन देता है?"

मी हातातल्या पत्रकांचा गठ्ठा सारखा करू लागले.

"शाम को ठेकेदार दीवार नापता है। जितना पलस्तर, उतना पैसा। तुमसे बात करें तो हमारी दीवार छोटी हो जाती है। पिछली बार जो लिख ले गए, उनकी किताब छपी। उसमें हमारा हाथ छपा है। सिर्फ हाथ। नाम नहीं।"

"वो अलग मसला है, उस्ताद," मी म्हणाले.

आणि म्हणताक्षणी कळलं, हे वाक्य माझं नाही. मानधनाचा विषय काढला की सर नेमके याच आवाजात म्हणायचे, "वो अलग मसला है, बेटा।"

त्या संध्याकाळी टेम्पोत बसून मला सरांपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला. शोषणावर पान भरून लिहिलं होतं मी, आणि ज्याच्या जिवावर शिकणार होते तोच माणूस त्यात नव्हता. दुसरं पत्रक काढलं. पहिलंच कलम: शिकवण्याच्या वेळेचे पैसे कारागिराला द्या आणि कामावर त्याचं नाव घाला.

यावेळी सरांनी बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली. लखनौत गळा आवळायचा असला तरी आधी खुर्ची पुढे करतात. सर म्हणाले, "आपका मानधन अगले महीने से। सिर्फ आपका, किसी से कहिएगा मत। बस वो पहली वाली माँग हटा दीजिए। मिस्त्री लोगों की आदत बिगड़ती है।"

होळीला दहा दिवस होते. मी ताडकन नाही म्हटलं, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी म्हटलं, कल बताती हूँ.

घरी बाबा म्हणाले, "घे ना मग! हेच हवं होतं ना तुला?"

"आणि उस्ताद?"

"तो कोण तुझा?"

शिकवलं तर त्यांनी काहीच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणाले. त्याच दुपारी माझं प्रशिक्षण 'पूर्ण' झाल्याची चिठ्ठी मिळाली. मानधन आमच्यातल्याच सही न केलेल्या एकाला मिळालं. त्यानं ते न लाजता घेतलं.

उस्तादांना सांगायला मागे गेले तर तेच भडकले. "अजीब अहमक़ लड़की है! पहले पैसा लेतीं, फिर लड़तीं। हमसे पूछा था?"

"आप होते तो ले लेते?"

उस्तादांनी थापी पुन्हा उचलली. मग भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "ठेकेदार को चूना कूटने वाली चाहिए। दिहाड़ी मिलेगी। इधर के फाटक से आना पड़ेगा।"

मी आले. आठवडाभरात तळहात फाटले. पण आता मला शिकवताना उस्तादांची भिंत लहान होत नव्हती, कारण माझे हात त्यांच्याच कामाला लागले होते. "और कूटो। अभी कच्चा है।" सात महिन्यांच्या वह्यांत हे एक वाक्य नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी मी दिहाडी, रोजाच्या मजुरीचे पैसे, बाबांसमोर ठेवली.

"एम.ए. करून मजुरी?"

"तुमची अट पगाराची होती, बाबा. कोणत्या फाटकातून, ते तुम्ही म्हणाला नव्हतात."

फॉर्म भरला गेला नाही. पण लखनौत होतो तोवर बाबा सगळ्यांना सांगत राहिले, मुलगी पुरातत्त्वात आहे.

उस्तादांना शिकवण्याचे पैसे कुणी कधीच दिले नाहीत. मीही दिले नाहीत. फुकट शिकले, आणि हे म्हणताना मला सरांपासून फार लांब उभं राहता येत नाही.