काळोख्याचा खरा शेवट

मावशींचा धंदा मुळात शिवणकामाचा. पुस्तकांच्या भानगडीत त्या पडल्या पोरांमुळे. बायका मापं द्यायला यायच्या, सोबत पोरं यायची, आणि पोरं म्हणजे कुणी टाचण्यांचा डबा सांडतोय, कुणी कात्री घेऊन बहिणीच्या वेणीमागे लागलाय. वैतागून मावशींनी एकदा रद्दीतून चार-पाच कॉमिक्स आणली आणि दुकानात सुतळी बांधून तिच्यावर वाळत घातली. पोरं इतकी गप्प झाली की त्यांच्या आयाच घाबरल्या. वर्षभरात एका सुतळीच्या तीन झाल्या, भिंतीला बाक लागला आणि लोक दुकानाला ‘मावशींची लायब्ररी’ म्हणायला लागले. शिवण चालूच राहिलं, पण कोपऱ्यात.

लायब्ररीचे नियम दोन. नवं पुस्तक आलं की आधी ते मशीनखाली घालून जाड दोऱ्याने पाठीवर शिवायचं, कारण छापखान्याच्या पिना पोरांच्या हातात टिकत नाहीत. आणि स्वतः वाचल्याशिवाय कुठलंही पुस्तक सुतळीवर टाकायचं नाही. या दुसऱ्या नियमामुळेच मावशी पुढे गोत्यात आल्या.

त्या पुस्तकाचं नाव ‘काळोख्या’. हा काळोख्या म्हणजे काळा मुखवटा, काळा कोट, सदानकदा पाऊस, आणि तोंडातून शब्द काढायचा तर जसं काही त्याच्या खिशातून जातंय. शहरातल्या सगळ्या गुंडांना तो बडवतो, आणि शेवटी कळतं की गुंडांचा म्होरक्या त्याचा सख्खा धाकटा भाऊ. शेवटी दोघांची मारामारी घड्याळाच्या मनोऱ्यावर होते, भाऊ घसरतो, काळोख्याच्या हाताला लोंबकळतो. आणि काळोख्या काय करतो? हात सोडून देतो. संपलं पुस्तक. मावशींनी वाचलं, नाक मुरडलं, तरी शिवून सुतळीवर टाकलं.

त्याच आठवड्यात सायकलवाल्याचा थोरला दुकानात येऊन बसला. धाकट्या भावाला त्याने पायरीवरून ढकललं होतं, धाकट्याचा पुढचा दात पडला होता आणि थोरल्याने जाहीर केलं होतं की तो आता घरी जाणार नाही, कधीच नाही. बाकावर बसून त्याने नेमकं ‘काळोख्या’ काढलं. मध्येच त्यांची आई दारात डोकावली. थोरल्याकडे न बघता मावशींना म्हणाली, “त्याला सांगा, मी जेवायला थांबलेय,” आणि निघून गेली. थोरल्याने मान वर केली नाही. पानं मात्र भराभर उलटत होता, आणि मनोरा जवळ येत चालला होता.

मावशींनी मशीन थांबवलं. हे पोर आता तो शेवट वाचणार आणि मग याला घरी कोण पाठवणार? “जा रे, माठात पाणी नाही, कळशी भरून आण,” असं म्हणून त्यांनी त्याला नळावर पिटाळलं आणि कापडाच्या कात्रीने शेवटची पानं कापून घेतली. थोरला परत आला, बसला, पान उलटलं.

“मावशी, पुढची पानं कुठायत?”

“फाटली. बस, मी सांगते.”

आणि मावशींनी सांगितलं. काळोख्या भावाचा हात सोडत नाही. घामाघूम होतो, शिव्या घालतो, पण ओढून वर घेतो. दोघं मनोऱ्यावर धापा टाकत बसतात. मग काळोख्या मुखवटा काढतो आणि म्हणतो, “चल घरी. आई जेवायला थांबलीय.” अख्ख्या पुस्तकात काळोख्याच्या आईचा उल्लेख नव्हता, पण थोरल्याला तो प्रश्न पडला नाही. त्याने पुस्तक सुतळीवर टाकलं आणि चपला घालून तो घरी गेला.

आता एकाला असं सांगितल्यावर दुसऱ्याला वेगळं कसं सांगणार? गावात ‘काळोख्या’ची प्रत एकच, पानं गायब, आणि जो वाचेल तो शेवट विचारायला मशीनपाशी उभा. मावशी शिलाई न थांबवता सांगायच्या. सांगता सांगता शेवटाने अंगही धरलं. मनोऱ्याचे टोले आले, दारात उभी आई आली. एक पिढीच्या पिढी तो शेवट ऐकून मोठी झाली, त्यांना टक्कल पडलं, पोटं सुटली, आणि कुणाच्या मनात कधी शंका आली नाही.

मग बातमी आली की काळोख्यावर सिनेमा येतोय.

गावाने ती बातमी डोक्यावर घेतली. औषधांच्या दुकानवाल्याने, जो लहानपणी काळोख्या म्हणून रेनकोट घालून उन्हात फिरायचा, पहिल्या खेळाची तिकिटं एकगठ्ठा काढली आणि मावशींना मधली खुर्ची ठेवली. मावशींनी डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, लग्नाचे ब्लाउज अडलेत म्हणून पाहिलं. कुणी ऐकेना.

खोटं उघडं पडेल ही भीती होतीच, पण मावशींचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणाने. ते दोघं भाऊ आता बापाचं सायकलचं दुकान चालवत होते, म्हणजे गेल्या काही महिन्यांपर्यंत चालवत होते. धाकट्याला विजेच्या स्कूटर ठेवायच्या होत्या, थोरल्याला त्या दारातही नको होत्या. शब्दाने शब्द वाढला, बापाचा उद्धार झाला, बायका मध्ये पडल्या आणि आणखी बिघडलं. धाकट्याने समोरच गाळा घेतला. एका घरात राहून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हातारी आई थोरल्याला आधी वाढायची, तो उठला की धाकट्याला. मावशींनी दोघांना वेगवेगळं गाठून समजावलं होतं. थोरला म्हणाला, “तो बोलला तर मी बोलेन.” धाकटा म्हणाला, “त्याने बोलावं, मी कुठे नाही म्हणतो.” मावशींनी हात टेकले.

आणि आता हे दोघं तो सिनेमा बघणार होते. काळोख्या भावाचा हात कसा सोडतो ते एवढ्या मोठ्या पडद्यावर बघून घरी जाणार होते. मावशींना एकच आशा होती. सिनेमावाले पुस्तकाची वाट लावतात असं सगळेच म्हणतात, तेव्हा इथेही लावली असेल.

थिएटर गच्च भरलं. थोरला तिसऱ्या रांगेत, धाकटा पार मागे भिंतीला लागून. सिनेमा सुरू झाला आणि काही दिसेना. नायक काळा, रात्र काळी, गल्ली काळी. कुणीतरी ओरडलं, “अरे, एक बल्ब तरी लावा त्याच्या घरात.” औषधवाल्याची बायको दर मारामारीला विचारत होती, “यातला आपला कुठला?” काळोख्या पंधरा-वीस मिनिटांनी पहिलं वाक्य बोलला, तेही घसा बसल्यासारखं, तर औषधवाल्यानेच गोळीचं नाव सुचवलं. मुलं कंटाळून जिन्यात खेळायला गेली. पण पाऊस वाढला, भावाचा मुखवटा उतरला, आणि हळूहळू सगळे गप्प झाले. मध्यंतराला चहा घेताना टक्कल पडलेले बाप्ये एकमेकांना सांगत होते, “थांब, शेवट बघ. शेवटाला रडशील.” मावशींनी कप तसाच परत केला.

मनोरा आला. भाऊ घसरला. काळोख्याने हात पकडला. थिएटरमध्ये श्वास ऐकू येत होता, आणि मग मावशींच्या अंगावर काटाच आला, कारण सगळीकडून, दबक्या आवाजात, सगळेच म्हणायला लागले होते, “चल घरी. आई जेवायला थांबलीय.” एवढी माणसं, आणि एका शब्दाची चूक नाही.

काळोख्याने हात सोडला.

सिनेमावाल्यांना इमानदारी दाखवायला नेमकं हेच पुस्तक सापडलं होतं. पडद्यावर नावं यायला लागली तरी कुणी हललं नाही. मावशींनी डोळे मिटून घेतले. आता संपलं, त्यांनी मनात म्हटलं, हे दोघं आता कायमचे गेले.

तिसऱ्या रांगेतून थोरला उठला. “हे काय आहे? सोडला? सख्ख्या भावाचा हात सोडला?”

मागून, भिंतीपासून, धाकट्याचा आवाज आला. “दादा, यांनी पुस्तक वाचलेलंच नाही.”

“मग बनवलं कशाला?”

“तेच म्हणतो मी. मूळ पुस्तकात आई आहे. आईच कापून टाकली यांनी.”

“आई कापली,” थोरला सगळ्या थिएटरला सांगायला लागला, “ऐकलंत? आईच कापली.”

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. तिकीटवाल्याला घेराव पडला. तो बिचारा हात जोडून सांगत होता की सिनेमा त्याने बनवलेला नाही. ज्यांनी पुस्तक कधी वाचलं नव्हतं तेही चवताळून पुस्तकाची बाजू घेत होते. आणि या सगळ्यात ते दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून भांडत होते, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. मावशी बघतच राहिल्या.

मावशींना दुकानापर्यंत सोडायला दोघंही आले. वाटभर सिनेमावाल्यांचा उद्धार चालला होता. दिवेलागण झाली होती. मावशींनी दिवा लावला, दोघांना बाकावर बसवलं, आणि त्यांच्याने राहवेना. ज्यांच्या डोळ्यांत आपल्यावर इतका विश्वास आहे त्यांना फसवत राहायचं, हे त्यांना सोसेना.

“ऐका रे. सिनेमावाले खोटं बोलले नाहीत. खोटं मी बोलले.”

मशीनच्या खणातून, अस्तराच्या तुकड्यांखालून, त्यांनी ती पानं काढली आणि पुढे ठेवली. पानांवर काळोख्या हात सोडत होता, सिनेमात सोडला तसाच. आई कुठेही नव्हती.

थोरल्याने पानं दिव्याजवळ धरली. मग सुतळीवरचं जुनं ‘काळोख्या’ काढून शेजारी ठेवलं. धाकटा वाकला. पुस्तकाची पानं उन्हाने, हातांनी तपकिरी झाली होती. खणातली मात्र कोरी करकरीत, पांढरी.

“मावशी,” थोरला हळूच म्हणाला, “तुम्हाला कुणीतरी गंडवलंय.”

“अरे, मी स्वतः कापलीत. या कात्रीने.”

“कागद बघा ना. हा आत्ताचा कागद आहे. सिनेमा येणार म्हणून नवा शेवट छापून वाटलाय यांनी.”

“तुमचा स्वभाव भोळा,” धाकटा म्हणाला. “तुम्ही कशाला त्यांचं पाप डोक्यावर घेता?”

“पण शेवट मी तोंडी सांगितला होता. तुम्ही वाचलाच नाहीत.”

“वाचला नाही कसा?” थोरला दुखावला. “मला चित्र आठवतंय. आई दारात उभी आहे, हातात डाव आहे.”

“आणि मागे चुलीवर हिरवं पातेलं,” धाकटा म्हणाला.

“निळं.”

“हिरवं, दादा.”

“आपल्या घरचं हिरवं. पुस्तकातलं निळं होतं.”

मावशींचा जीव परत वर-खाली झाला. एका पातेल्यावरून हे पुन्हा जुंपणार की काय? पण धाकटा म्हणाला, “असेल बुवा निळं.” मग पानं मावशींकडे सरकवून उठला आणि चपला शोधायला लागला. “चल, दादा. आई जेवायला थांबली असेल.”

ती दोघांसाठी एकत्र थांबत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. तरी थोरला उठला, आणि त्याच्यामागून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची आई तणतणत दुकानात आली. “काय दाखवलंत काल या घोड्यांना? दोघं एकदम येऊन बसले पानावर. मी एकालाच पुरेल एवढं गरम केलेलं. भात कमी पडला, मला पुन्हा चुलीपाशी उभं राहायला लागलं.”

“भांडले का?” मावशींनी सुईत दोरा ओवत विचारलं.

“माझ्या पातेल्याच्या रंगावरून. वेडे झालेत.” म्हातारी बाकावर टेकली. “धाकटा समोरच्या गाळ्यात जाणारच म्हणतो. थोरला म्हणतो, कपाट जड आहे, मी उचलू लागतो.”

मावशींनी मशीनचा खण उघडला, पानं परत अस्तराच्या तुकड्यांखाली सारली आणि खण बंद केला.

“मग आज किती वेळा वाढणार?”

“एकदाच,” म्हातारी म्हणाली. “माझे गुडघे काय भाड्याने आणलेत?”