दही न लागणारी मडकी

पाचोऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या खालच्या अंगाला झुलाल कुंभारांची भट्टी आहे. मडकं घ्यायला आलेल्या माणसाला झुलाल आबा आधी ते बोटाने वाजवून दाखवतात. आवाज खणखणीत आला नाही तर मडकं तिथल्या तिथे फोडतात. गिऱ्हाईक "राहू द्या, चालेल" म्हणालं तरी फोडतात. कच्चा माल हातून गेला तर कुंभाराला नरकातही कोणी उभं करत नाही, असं त्यांचे वडील सांगायचे, आणि आबांनी त्यावर कधी वाद घातला नाही. दुसरा रिवाज असा, की भाजलेलं मडकं रात्रभर हौदात बुडवून मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं. तहानलेलं मडकं घरी गेलं तर ते घरातलं दूध पितं, असं आबा म्हणतात.

असल्या माणसाला सुगराबीने एके दिवशी तोंडावर सांगितलं, की तुमच्या मडक्यात दही लागत नाही.

सुगराबी पाचोऱ्याच्या बाजारात मडक्यातलं दही विकते. तिच्या सासूच्या वेळेपासून मडकी याच घरची. फ्रीज आले, प्लॅस्टिक आलं, एकेक करून बाकीची गिऱ्हाइकं पांगली. सुगराबी तेवढी राहिली. ती गेली की चाक बंद, हे आबांना कोणी सांगायला नको होतं. आणि तीच अंगणात उभी राहून म्हणत होती, "दूध तेच शे, विरजण तेच शे. स्टीलना डब्बामा लागस, तुमना मडकामा नही लागस. मंग मी काय करू, भाऊ?"

आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. विरजणात कंजुषी केली असशील, म्हशीला काही झालं असेल, असं बरंच काही त्यांनी तिला ऐकवलं. ती गेल्यावर मात्र त्यांनी गुपचूप स्वतःच्या घरी नव्या मडक्यात दूध विरजलं. सकाळी मडकं तिरपं केलं, तर दूध जसंच्या तसं वाहत बाहेर आलं. आयुष्यात पहिल्यांदा आबांना आपल्याच हाताची भीती वाटली.

सुगराबीची नात कहकशा जळगावला रसायनशास्त्र शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने आजीची तक्रार ऐकली आणि सरळ आबांकडे आली. मडकी तिने बाजूला ठेवली आणि हौदात डोकावली. हे पाणी कुठलं, असं विचारलं. आबांनी कौतुकानेच सांगितलं: वरच्या अंगाला गावातल्याच स्वप्नीलने कोंबड्यांचं शेड टाकलं, तेव्हापासून तिकडून येणाऱ्या चारीला, म्हणजे पाण्याच्या चराला, उन्हाळ्यातसुद्धा पाणी असतं, आणि ते आयतं आपल्या हौदात येतं. नितळ पाणी, वास म्हणून नाही. पूर्वी हेच गाढवावरून आणावं लागे. कहकशाने बाटली भरून घेतली आणि चिकण मातीच्या ढिगातलं ढेकूळही एक मागून नेलं.

ती परत आली ती गंभीर होऊन. तिने सांगितलं: शेडमध्ये कोंबड्यांना पिण्याच्या पाण्यातून जंतू मारायचं औषध देतात, आणि उरलेलं पाणी रोज चारीत सोडतात. दही लावणारेही जंतूच की! औषधाला आपला-परका कळत नाही. मडकं रात्रभर ते पाणी पितं आणि दुधात सोडतं. याहून वाईट म्हणजे, असं थोडं थोडं औषध रोज पिऊन चारीतले रोगाचे जंतू निर्ढावतात, मग माणूस आजारी पडला की तेच औषध त्याच्या कामी येत नाही. नितळ पाण्याचा आबांना इतका धसका कधी बसला नव्हता.

"पण आबा," कहकशा म्हणाली, "तुमची ही माती पाण्यातलं औषध ओढून घेते. मी प्रयोगशाळेत बघितलं. हौदात टाकून बघू या का?"

बस, एवढं ऐकलं आणि आबा कामाला लागले. मातीच्या लिंबाएवढ्या गोळ्या वळल्या, सावलीत वाळवल्या आणि भट्टीच्या पोटात ठेवून लालभडक भाजल्या. एकेक गोळी अशी, की दगडावर आपटली तर दगडाने माफी मागावी. त्या हौदात टाकल्या, काही दिवस वाट पाहिली, त्या पाण्यात मडकी बुडवली आणि सुगराबीला दिली. दूध दूधच राहिलं. सुगराबी या वेळी भांडली नाही, आणि आबांना तेच जास्त लागलं. बाजारात ती प्लॅस्टिकच्या डब्यांची चौकशी करत होती, असं कानावर आलं.

कहकशाने हौदातली गोळी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. भाजली कशाला, असं तिने विचारलं.

"भाजाबिगर कुंभार माल देस का?" आबा चिडून म्हणाले.

मग तिने घडीच्या पोळीचं उदाहरण दिलं. ही माती पदरापदराची असते. भिजली की पदर सुटतात आणि औषध त्यांच्यामध्ये जाऊन बसतं. कडक भाजली की पदर कायमचे मिटतात. भाजलेल्या मडक्याची पुन्हा माती होत नाही, हे आबांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. पण आत नेमकं काय मिटतं, हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चारीचं तोंड बंद केलं. कच्ची माती कुटून, चाळून हौदात ओतली. ओतताना वडील बघत असल्यासारखं वाटलं. पाणी काळंकुट्ट झालं. बराच वेळ ढवळून त्यांनी तुरटी फिरवली, आणि दुसऱ्या सकाळी गाळ तळाशी बसून वर स्वच्छ पाणी उभं होतं. कहकशाने ते जळगावला नेऊन तपासलं आणि फोन केला: औषध जवळजवळ नाहीसं झालंय. तळाचा गाळ मात्र शेतात टाकू नका, भट्टीत जाळा, म्हणजे त्यातलं औषधही जळेल.

आबांनी तो गाळ तळहातावर घेतला. नेहमीसारखाच मऊ, नेहमीसारखाच गार. कहकशा फोनवर आणखी एक सांगून गेली होती: चिमूटभर मातीचे सगळे पदर सुटे करून अंथरले तर तुमचं अंगण झाकून उरेल. आबांनी एका चिमटीकडे पाहिलं, मग अंगणाकडे, आणि मग कोपऱ्यातल्या ढिगाकडे. तो ढीग अंथरायला खान्देश पुरला नसता. त्यांचे डोळे भरून आले.

"जलमभर हिले पायेखाल तुडवी मी," ते पुटपुटले, "आनि हिना पोटमा इतली जागा शे."

त्या पाण्यात बुडवलेलं मडकं त्यांनी स्वतः सुगराबीच्या घरी पोचतं केलं, आणि घरी येऊन चाकापाशी नुसतेच बसून राहिले. भाकरीही गेली नाही.

सकाळी ती आली. पदराखाली भरलेलं मडकं होतं. चेहऱ्यावरून काही कळेना. अंगणाच्या मधोमध उभी राहून तिने झाकण काढलं आणि मडकं सरळ पालथं केलं. आबांनी घाबरून दोन्ही हात खाली धरले.

हातावर काहीच पडलं नाही.