भैरवीची चिठ्ठी

आमच्या काचीगुड्याच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी कलावंत गेल्याची बातमी आली, की पाच मिनिटांत माझी श्रद्धांजली पडते. नट असो, तबलजी असो, दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या बाई असोत, माझ्याकडे प्रत्येकाची एक आठवण तयार असते. कुणाला मी स्टेशनवर लांबून पाहिलेलं असतं, कुणाच्या सहीसाठी रांगेत उभा राहून नंबर यायच्या आत परत आलेला असतो. लिहिताना ते अंतर जरा कमी होतं, इतकंच. बायको म्हणते, "तुमच्या श्रद्धांजलीत गेलेला माणूस दोन ओळींत आटोपतो, नंतर सगळे तुम्हीच." ती इथल्याच जुन्या घरातली. बोलायला लागली की मराठीत दखनीची फोडणी पडते आणि जरा जास्त झोंबतं.

गेल्या महिन्यात आमचे बुवा गेले. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे राहायचे. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि संध्याकाळी गायले. हैदराबादबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं, पण इथल्या मराठी घरांत एकही लग्न, एकही गणपती त्यांच्या नाट्यपदांशिवाय गेला नाही. बुवांची एक पद्धत होती. मैफलीत फर्माईशीची चिठ्ठी हातोहात पुढे यायची, ती ते उघडायचे, वाचायचे, कपाळाला लावायचे आणि पेटीच्या भात्याखाली सरकवायचे. मग घरी घेऊन जायचे. एकही चिठ्ठी त्यांनी मंचावर टाकून दिलेली कुणी पाहिली नाही.

बातमी आली तेव्हा मी जामबागेतल्या आमच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये होतो. तास सुरू व्हायला सात मिनिटं होती. तेवढ्यात मी लिहून टाकलं, "बुवा गेले. आपल्या हॉलमधली त्यांची शेवटची मैफल डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही रसिक त्यांना उठूच देत नव्हतो." तास संपवून आलो तर हात जोडलेले, डोळे पुसणारे, फुलं वाहणारे असे सगळे प्रकार खाली जमले होते. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

संध्याकाळी बुवांच्या लेकीचा फोन आला. ती शाळेत शिकवते, मला दादा म्हणते. "दादा, तुम्ही लिहिलेलं वाचलं. रविवारी सभा आहे, तिथे हेच बोला. आणि बाबांच्या चिठ्ठ्यांचा डबा देते, त्यातल्या थोड्या वाचून दाखवाल? लोकांच्याच हातच्या आहेत. माझ्याने वाचवणार नाहीत."

मी "हो" म्हटलं. फोन ठेवला आणि नकार द्यायला परत उचलला, पण नंबर लावला नाही.

कारण त्या शेवटच्या मैफलीतली एक चिठ्ठी माझी होती.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मंडळाने बुवांचं गाणं ठेवलं. कार्यक्रमांचा चिटणीस मी. गाणं नऊपर्यंत, मग जेवण. साडेसातला जेवणवाला मला खांबामागे बोलावून म्हणाला, "साब, मेरेकू दूसरी जगह भी जाना है. साडेआठ को पतीले उठाना." आत बुवा रंगले होते. बाहेर बगारा भात आणि मिरचीचं सालन झाकून ठेवलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही दुपारपासून काही मिळालं नव्हतं. चिटणीस म्हणून मी मंचाजवळ जाऊन कानात सांगायला हवं होतं, की बुवा, अशी अडचण आहे. पण मग लोकांनी विचारलं असतं, कुणी थांबवलं? मी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, "बुवा, आता भैरवी ऐकवावी, ही विनंती. एक रसिक." आणि शेवटच्या रांगेतून चिठ्ठी पुढे सोडली.

भैरवी म्हणजे समाप्ती, हे बुवांना मी सांगायला नको होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली. थोडा वेळ तशीच धरली. मग कपाळाला लावली. "रसिकांची भैरवीची फर्माईश आहे," म्हणाले. हॉलमधून "अरे! इतक्यात?" असा आवाज उठला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

त्यानंतर बुवा आमच्या हॉलमध्येच काय, कुठेच मैफलीला बसले नाहीत. पुढच्या वर्षी विचारलं तर म्हणाले, गळा साथ देत नाही. मी मान हलवली आणि दुसरा कलाकार शोधला.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा होता. शनिवारी सकाळी मी तो जेवणाच्या टेबलावर उघडला. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने बांधलेल्या होत्या, वहीचे फाटके कागद, बसची तिकिटं, एक तर औषधाच्या दुकानाची पावती. प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बुवांनी एक शब्द लिहिला होता. गायलं असेल तर "पूर्ण". राहिलं असेल तर "बाकी". मी भराभर शेवटच्या गठ्ठ्याकडे गेलो.

"काय शोधताय एवढं?" बायको मागे उभी होती.

"काही नाही. निवडतोय."

"हौ. निवडताना घाम येतो का माणसाला?" तिने वाकून पाहिलं. "हे तर तुमचं अक्षर."

तिने चिठ्ठी वाचली, मग परत वाचली.

"एक रसिक म्हणे! अन् त्या दिवशी माझ्या शेजारी बसून 'इतक्यात?' म्हणून कोण बोंबलत होतं?"

"जेवणवाला घाई करत होता गं."

"मग जेवणवाला म्हणून सही करायची."

माझ्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "पूर्ण". तिच्या खाली त्याच संध्याकाळची अजून एक होती, थरथरत्या हाताने लिहिलेली. मालकंसातलं एक जुनं पद मागितलं होतं. तिच्यावर "बाकी".

रविवारी निघताना मी माझी चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली. बायकोने पाहिलं. "नक्को," एवढंच म्हणाली. पुढे बोलली असती तर बरं झालं असतं, भांडण करून मला सुटता आलं असतं.

हॉल भरला होता. बुवांचा फोटो, हार, समई, पुढे त्यांची पेटी. मी चिठ्ठ्या वाचायला लागलो आणि लोक आपापली ओळखायला लागले. "ती आमच्या यांची!" "अरे, ही माझ्या मुंजीतली!" एक वकीलसाहेब, ज्यांना मी कधी हसतानाही पाहिलं नव्हतं, ते चष्मा काढून बसले. पुण्याहून इथे नोकरीला आलेल्या एका तरुणाने विचारलं, "अंकल, ते बाकी म्हणजे काय?"

बुवांची लेक उठली. "राहिलेलं. बाबा पुढच्या मैफलीला बसायच्या आधी हा डबा काढायचे. बाकी असेल ते आधी गायचे. मागणारा समोर असो नसो."

मी पुढची उचलली. मालकंसवाली. वाचून झाल्यावर समोरच्या रांगेतून आवाज आला, "माझी ती." एक आजी होत्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. "राहिलंच बाई ते," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मी चिठ्ठी काढली आणि म्हणालो, "ते राहिलं माझ्यामुळे. भैरवीची चिठ्ठी मी पाठवली होती. एक रसिक म्हणजे मी."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "यांचं आपलं काहीतरी!" आमचे अध्यक्ष मान डोलवत म्हणाले, "दुःखाच्या प्रसंगीही हसवायची यांची हातोटी."

"नाही, खरंच सांगतोय. मला भूक लागली होती."

हॉल हसला. इतका वेळ रडलेली माणसं होती, त्यांना हसायचंच होतं. इथे मी थांबायला हवं होतं. कागद उलटा करून अक्षर दाखवायला हवं होतं. पण हसणं कानात शिरलं की माझं डोकं चालेनासं होतं. मी म्हणालो, "आत बुवांचं गाणं आणि बाहेर बगारा भात, सांगा, माणसाने कुणीकडे बघायचं?" टाळ्याच पडल्या. श्रद्धांजलीच्या सभेत टाळ्या. खाली बसताना पाहिलं, दोघीजणी हसत नव्हत्या. एक माझी बायको, दुसरी बुवांची लेक.

सभा संपल्यावर ती डबा घ्यायला आली. मी चिठ्ठी पुढे केली.

"ही खरंच माझी आहे."

"माहीत आहे. बाबांनी त्याच दिवशी ओळखलं होतं. मंडळाच्या फळ्यावर दर आठवड्याला तुमचंच अक्षर असतं, दादा." तिने चिठ्ठी घेतली, तारीख पाहून गठ्ठ्यात जागेवर घातली, दोरा बांधला. "त्या दिवशी त्यांचा आवाज लागला होता. आठ महिने लागत नव्हता. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, आज अजून तासभर गाता आलं असतं."

"जाऊ द्या" असं ती म्हणेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, "त्या आजींना मलकपेठेत सोडाल का? बसने आल्या आहेत."

बायको आमच्या शेजारणीच्या गाडीतून गेली. मी आजींना स्कूटरवर मागे बसवलं. पिशवी मांडीवर, एक हात माझ्या खांद्यावर. काचीगुड्याचा चौक ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "काय हसवलंत हो तुम्ही. बुवांनाही आवडलं असतं."

चेहरा दिसत नसला की बोलणं सोपं जातं. मी समोर बघून म्हणालो, "आजी, मी थट्टा करत नव्हतो. चिठ्ठी मीच पाठवली. तुमचं गाणं माझ्यामुळे राहिलं."

खांद्यावरचा हात उचलला गेला. पुढे गतिरोधक आला तसा परत टेकला, नाइलाजाने. रेसकोर्सच्या भिंतीजवळ त्यांनी "इथेच" म्हटलं. मी गाडी लावली. त्या सावकाश उतरल्या, पदर सारखा केला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग तुम्ही तरी नीट जेवलात ना त्या दिवशी?"

टोमणा असता तर मी परतवला असता, मला सवय आहे. पण त्या खरोखर विचारत होत्या, निदान काहीतरी कुणाला तरी मिळालं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"जेवलो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गल्लीत वळल्या. मी हेल्मेट घातलं. कुठलंही निमित्त नसताना बराच वेळ तिथेच गाडी धरून उभा राहिलो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.