सेल्लम्मा आजींचा कोलम

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत सेल्लम्मा आजींना सगळे ‘मद्रासी आजी’ म्हणतात. मद्रास त्यांनी पाहिलंय ते गाडी बदलण्यापुरतं. जन्म सिलोनमधल्या चहाच्या मळ्यातला. तिथल्या बहुमताच्या सरकारने ठरवलं, मळ्यातले तमिळ इथले नव्हेत. लहानग्या सेल्लम्माला आईबापांसह बोटीत बसवून ‘मायदेशी’ पाठवलं. मायदेशाने तिला सिलोनवाली म्हटलं. लग्न होऊन इकडे आली, मद्रासी झाली.

आजी रोज सकाळी उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, काढत. पीठ मुंग्यांना, नक्षी येणाऱ्याला ‘या’ म्हणायला. मग दिवसभर दार सताड उघडं.

पॅसेजला नव्या टाइल्स बसल्या आणि सेक्रेटरी प्रसाद आला. मुलगा चांगला, आजींची औषधंही आणून देतो.

“आजी, मुंग्या होतात हो. मीटिंगमध्ये ठरवू. लोकशाही आहे, टेन्शन नका घेऊ.”

“हात मोजणार?”

“मोजणारच ना!”

“मग ठरलं की,” आजी हसून म्हणाल्या.

मीटिंगमध्ये पॅसेजमधला कोलम बंद करायचा ठराव आला. विरोधात दोनच हात, आजींचा आणि माझा. प्रसादने विचारलं, “आजी, पाणी हवंय का?”

लगेच पुढचा विषय: पाडव्याला गेटवर मोठी रांगोळी. संस्कृती टिकायला हवी, यावर एकमत झालं. काढणार कोण? सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. “तुमच्यासारखा हात कुणाचाय, आजी?” शेजारची भाविका लाडाने म्हणाली.

आजींनी काढली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला, खाली ओळ: ‘आमची मराठमोळी परंपरा’.

परवा मी त्यांच्याकडे चहाला निघालो, तर प्रसाद जिन्यात भेटला.

“सर, आजी हल्ली मिसळत नाहीत. दार कायम बंद. या लोकांचं असंच असतं का हो?”

“चल, त्यांनाच विचारू,” म्हणत मी बेल वाजवली.

दार उघडलं. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, चपलांच्या जागेवर, कोलम होता. प्रसादचा चेहरा खुलला.

“आत काढता होय? मग काहीच हरकत नाही, आजी. ठराव फक्त पॅसेजचा होता.”

“ये ना, बाळा. चहा टाकलाय.”

प्रसादने कोलमकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

“नको, आजी. पाय पडेल.”

“पडू दे की. त्यासाठीच असतो तो.”

पण तोवर तो जिना उतरू लागला होता.